श्वेतबिंदू रोग, माशांचा

श्वेतबिंदू रोग : गोड्या पाण्यातील माशांना होणारा एक तीव्र संसर्गजन्य रोग. या रोगात माशाची त्वचा, पर व क्लोम (कल्ले, पाण्यातील ऑक्सिजन घेणारी श्वसनेंद्रिये) यांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात, त्यावरून त्याला हे नाव पडले आहे. इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलीस या आदिजीवामुळे (एकाच कोशिकेच्या बनलेल्या प्राण्यामुळे) हा रोग होतो. मासे पाळणाऱ्यांमध्ये व विक्रेत्यांमध्ये तो ‘इक’ या संक्षिप्त नावानेही ओळखला जातो. रोगकारक जगातील बहुतेक सर्व भागांत आढळतो आणि त्याला पोषक माशांच्या जातीचे विशेष बंधन नसते. गोल्डफिश, मॉली, गपी, टेट्रा, एंजल, लोच इ. शोभेच्या माशांप्रमाणेच रोहू, कटला, मृगळ, कॉमन कार्प, ट्राउट व मार्जारमीन या खाद्य माशांनाही तो होतो. नदी वा तलाव यांसारख्या विस्तीर्ण जलाशयात त्याचा उपद्रव सहसा मर्यादित राहतो. परंतु जलजीवालयाच्या काचपेटीत किंवा मत्स्यबीज केंद्राच्या दाट भरलेल्या टाकीत उपचार न झाल्यास एक-दोन आठवड्यांत सर्व मासे दगावण्याचा संभव असतो.

हा रोग बरा होण्यासारखा आहे. तरीही त्याने मासे मोठ्या प्रमाणावर मरतात, याचे प्रमुख कारण औषधांचा अभाव हे नसून उपचार अवेळी थांबविला जाणे हे आहे. माशाच्या अंगावरील ठिपक्यांवर कोणत्याही नेहमीच्या औषधाचा परिणाम होत नाही. रोगकारक मासा सोडून पाण्यात आल्यावरच तो मारता येतो. त्यामुळे या रोगाचा उपचार समजून घेण्यासाठी रोगकारकाच्या जीवनचक्राची माहिती असणे आवश्यक ठरते.

इतिहास व नाव : गोड्या पाण्यातील माशांच्या त्वचेवर राहणाऱ्या अशा आदिजीवांचे वर्णन हिल्गेनडॉर्फ व पाउलिकी या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६९ साली केले. १८७६ मध्ये फूके या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या जीवाचे सविस्तर वर्णन करून त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. ‘इक्थिओफ्थिरिअस’ या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थ ‘माशाची ऊ’ असा असून ‘मल्टिफिलीस’ या लॅटिन पदाचा अर्थ ‘पुष्कळ संतती असलेला’ असा आहे. एका जीवापासून शेकडो जीव निर्माण होतात, हे त्याचे वैशिष्ट्य नावातच आलेले आहे. २०११ मध्ये त्याच्या संपूर्ण जीनोमाचा (आनुवंशिक सामग्रीच्या संचाचा) क्रम प्रसिद्ध झाला.

रोगकारक : इक्थिओफ्थिरिअस हा पक्ष्माभिकायुक्त (हालचालीस उपयुक्त अशा केसासारख्या सूक्ष्म वाढी असलेल्या) आदिजीव आहे. माशांवर जगणाऱ्या आदिजीवांत तो आकाराने सर्वांत मोठ्यांपैकी एक होय. पूर्ण वाढलेला जीव गोलसर असून त्याचा व्यास ०·५ ते १ मिमी. असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीही तो ठिपक्याच्या रूपात दिसू शकतो. त्याचे सर्व शरीर पक्ष्माभिकांनी आच्छादिलेले असते. शरीरात घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक मोठे केंद्रक व त्याच्याजवळ एक लहान केंद्रक असते. नालाच्या आकाराचे हे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते व त्यावरून रोगकारक निश्चितपणे ओळखता येतो.

जीवनचक्र : रोगकारकाच्या जीवनचक्रात पोषी, विभाजी व संसर्गक्षम अशा तीन अवस्था असतात. मध्यस्थ पोषक लागत नाही. एकाच माशावर व त्याच्या भोवतालच्या पाण्यात सर्व चक्र पूर्ण होते.

पोषी अवस्थेला ट्रोफाँट म्हणतात. या अवस्थेतील जीव माशाच्या बाह्यत्वचेत किंवा क्लोमांच्या आवरणात राहतो. तो स्वतःभोवती सावकाश फिरत पोषकाच्या कोशिका व ऊतकद्रव यांवर उपजीविका करतो. त्याच्याभोवती माशाच्या त्वचेच्या कोशिका वाढून उंचवटा तयार होतो. पांढरा ठिपका तो हाच. या आवरणामुळे व त्यावरील श्लेष्म्यामुळे (बुळबुळीत स्रावामुळे) पाण्यात घातलेली औषधे जीवापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. प्रारंभी हा जीव इतका लहान असतो की, ठिपका दिसत नाही. त्यामुळे ठिपके दिसू लागतात तेव्हा संसर्ग होऊन काही दिवस लोटलेले असतात.

पूर्ण वाढ झाल्यावर जीव त्वचा फोडून बाहेर पडतो. या विभाजी अवस्थेला टोमाँट म्हणतात. काही काळ पोहून तो टाकीचा तळ, वाळू, वनस्पतींची पाने, काच किंवा जाळे यांना चिकटतो व स्वतःभोवती चिकट जेलीसारखी पुटी (आवरण) तयार करतो. पुटीच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे विभाजन होत जाते. नऊ वेळा विभाजन झाल्यास ५१२ व दहा वेळा झाल्यास १,०२४ जीव तयार होतात. पुटीतील जीवांनाही तिच्या आवरणामुळे औषधापासून बरेच संरक्षण मिळते.

विभाजन पूर्ण झाल्यावर पुटी फुटून संसर्गक्षम जीव पाण्यात येतात. त्यांना थेराँट म्हणतात. ते लांबट, टोकाकडे निमुळते व सु. ३० ते ५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = एक सहस्रांश मिमी.) लांबीचे असतात आणि वेगाने पोहतात. मासा मिळताच काही मिनिटांतच ते त्याच्या त्वचेत शिरतात. त्यांना स्वतंत्रपणे अन्न घेता येत नाही. मासा न मिळाल्यास पहिल्या दिवसानंतर त्यांची संसर्गक्षमता झपाट्याने घटते व नेहमीच्या तापमानाला साधारणतः दोन-तीन दिवसांत ते मरतात. या जीवांना त्वचेचे वा पुटीचे आवरण नसते. म्हणून औषधाचा मारा परिणामकारक होतो तो याच अल्पकालीन अवस्थेत.

तापमानाचा परिणाम : संपूर्ण चक्रास लागणारा काळ पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. २४°–२६° से. ला ते सु. तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते, १५° से. च्या सुमारास त्यास दहा ते चौदा दिवस लागतात, तर ७° से. ला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागतो. ३०° से. च्या वर रोगकारकाच्या बहुतेक वाणांची वाढ खुंटते. उपचार किती दिवस करावयाचा व औषध किती अंतराने द्यावयाचे, हे या कालमानावरून ठरविले जाते. म्हणून रोग आढळताच तापमापकाने पाण्याचे तापमान पाहणे ही उपचाराची पहिली पायरी होय.

प्रसार : रोग प्रामुख्याने नव्याने आणलेल्या माशांबरोबर टाकीत येतो. दुसऱ्या टाकीतील पाणी, पाणवनस्पती, ओली वाळू, गोगलगाईंचे शिंपले, जाळी वा नळ्या यांबरोबर पुटी येऊनही तो पसरतो. महाराष्ट्रातील शहरांत विकले जाणारे पुष्कळसे शोभेचे मासे चेन्नईजवळील कोळत्तूर, तसेच कोलकाता-हावडा परिसर येथील उत्पादकांकडून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून पाठविले जातात. लांबचा प्रवास, दाटी, पाण्यातील अमोनियाची वाढ व तापमानातील चढ-उतार यांमुळे माशांवर ताण पडून त्यांची प्रतिकारशक्ती कमी होते. अशा माशांच्या अंगावर प्रारंभी एकही ठिपका नसला, तरी चार-आठ दिवसांत रोग उघड होऊ शकतो. तापनयंत्र (हीटर) नसलेल्या टाक्यांमध्ये हिवाळ्यात हा रोग अधिक दिसतो. पुणे, नासिक यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रात्रीचे हवेचे तापमान बरेच खाली उतरते व लहान टाकीतील पाणी लवकर थंड होते. उष्ण प्रदेशातील मासे अशा वेळी रोगास सहज बळी पडतात. थंडीमुळे रोग उत्पन्न होत नाही. मात्र रोगकारक आधीच उपस्थित असल्यास माशाची दुर्बलता त्याच्या पथ्यावर पडते.

लक्षणे : ठिपके दिसण्यापूर्वीच मासा अस्वस्थ होतो. तो दगड, वाळू किंवा वनस्पती यांवर अंग घासतो, पर अंगालगत मिटून घेतो व अन्नावरील त्याची वासना कमी होते. नंतर पर व शरीर यांवर साधारणतः एक मिमी. पर्यंतचे सुटे पांढरे ठिपके येतात. संसर्ग तीव्र असल्यास ते एकमेकांत मिसळून करडे-पांढरे चट्टे पडतात व त्वचा सालपटल्यासारखी दिसते. क्लोमांवर संसर्ग झाला असता मासा जलद श्वास घेतो, पृष्ठभागाशी किंवा हवेच्या बुडबुड्यांजवळ थांबतो. काही वेळा रोग केवळ क्लोमांवर असतो. अशा वेळी अंगावर एकही ठिपका न दिसता मासे मरतात.

मृत्यू दोन मार्गांनी ओढवतो. क्लोमांची आवरणे सुजून व गळून पडून ऑक्सिजन घेण्याची क्रिया मंदावते, हा एक मार्ग. दुसरा त्वचेशी संबंधित आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरद्रवात सु. ०·९% मिठाच्या विद्रावाइतके लवण असते, तर भोवतालच्या पाण्यात ते फारच थोडे असते. निरोगी त्वचा हा फरक टिकवून धरते. हजारो जीव त्वचा फोडून बाहेर पडल्यावर तिला असंख्य छिद्रे पडतात. बाहेरचे पाणी शरीरात शिरते व शरीरातील लवणे बाहेर जातात. या जखमांतून पुढे सूक्ष्मजंतू व कवक यांचाही संसर्ग होतो.

निदान : अनुभवी व्यक्तीस ठिपक्यांवरून रोग ओळखता येतो, तथापि इतर काही स्थितींशी त्याची गल्लत होते. मखमल रोगात ठिपके पुष्कळच बारीक व पिवळसर सोनेरी असून तिरप्या प्रकाशात अंगावर धूळ बसल्यासारखी दिसते. तो पिसिनूडिनियम या वेगळ्या आदिजीवामुळे होतो. विणीच्या हंगामात नर गोल्डफिशच्या क्लोमांच्या झाकणांवर व छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढरे कठीण दाणे येतात. ते ओळीने व ठराविक जागी असतात आणि मासा सर्वस्वी निरोगी असतो. अशा माशाला औषध देणे अपायकारक ठरते. लिंफोसिस्टिस या विषाणुजन्य रोगातील गाठी मोठ्या व अनियमित असून त्या आठवडेच्या आठवडे त्याच जागी राहतात. कवकसंसर्गात कापसासारखे पुंजके दिसतात. खाऱ्या पाण्यातील माशांना होणारा याच स्वरूपाचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या निराळ्या आदिजीवामुळे होतो व त्याचे उपचारही निराळे आहेत. शंका असल्यास त्वचेवरील श्लेष्मा काचपट्टीवर अलगद खरवडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सावकाश लोळणारा, गडद रंगाचा, पक्ष्माभिकांनी वेढलेला व नालाच्या आकाराचे केंद्रक असलेला एक जीव आढळला, तरी निदान पक्के होते आणि उपचार त्वरित सुरू करावा लागतो. एका माशावर रोग दिसला असता टाकीतील सर्व माशांना संसर्ग झाला आहे असे समजावे. फक्त रोगट मासा वेगळा काढल्याने रोग आटोक्यात येत नाही, कारण टाकीच्या तळाशी पुट्या शिल्लक राहतात.

उपचारांचे तत्त्व : टाकीतील सर्व जीव एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. औषध घालतेवेळी काही जीव त्वचेखाली, काही पुटीत व काही पाण्यात असतात. त्यांपैकी केवळ पाण्यातील जीव मरतात. उरलेले जीव क्रमाक्रमाने संसर्गक्षम अवस्थेत येतील त्या प्रत्येक वेळी पाण्यात औषध असावे लागते. म्हणून मात्रा ठराविक अंतराने पुन:पुन्हा द्यावी लागते. २५° से. च्या सुमारास ती एक दिवसाआड निदान चार-पाच वेळा देतात. पाणी थंड असल्यास दोन मात्रांतील अंतर व एकूण काळ दोन्ही वाढवावे लागतात.

सर्वसामान्य चूक होते ती या टप्प्यावर. दोन-तीन दिवसांत माशाच्या अंगावरील ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे समजून औषध बंद केले जाते. वस्तुतः ठिपका नाहीसा होणे याचा अर्थ जीव मेला असा नसून तो पूर्ण वाढून मासा सोडून गेला असा असतो. त्यानंतर एका दिवसाच्या आसपास त्याच्यापासून शेकडो नवे जीव पाण्यात येतात. उपचार न करताही ठिपके अशा तऱ्हेने काही काळ दिसेनासे होतात व पुढील खेपेस अनेकपटींनी अधिक येतात. यास्तव शेवटचा ठिपका गेल्यानंतर त्या तापमानाला लागणारे एक संपूर्ण चक्र उलटेपर्यंत उपचार चालू ठेवणे अत्यावश्यक आहे.

पूर्वतयारी : मात्रा पाण्याच्या प्रत्यक्ष घनफळावरून काढावी. आतून ६० सेंमी. लांब व ३० सेंमी. रुंद टाकीत २५ सेंमी. उंचीपर्यंत पाणी असल्यास घनफळ ६० × ३० × २५ = ४५,००० घ. सेंमी., म्हणजे ४५ लि. होते. वाळू व दगड यांनी व्यापलेली जागा सु. ५ लि. धरल्यास औषधाचा हिशेब ४० लि. वर करावा. उपचारापूर्वी तळाचा गाळ नळीने शोषून काढून एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. त्यामुळे अनेक पुट्या बाहेर जातात, तसेच औषध निष्क्रिय करणारा सेंद्रिय मळ कमी होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे. गाळणयंत्रात (फिल्टरमध्ये) सक्रियित कोळसा असल्यास तो काढून ठेवावा, अन्यथा तो औषध शोषून घेतो. हवेचा पंप उपचाराच्या काळात अखंड चालू ठेवावा आणि अन्न कमी द्यावे.

तापमान वाढविणे : उष्ण प्रदेशातील माशांच्या बाबतीत पाण्याचे तापमान दिवसाला २°–३° से. याप्रमाणे सावकाश वाढवून ३०° से. पर्यंत नेतात. यामुळे जीव त्वचेखालून लवकर बाहेर पडतात व औषधाच्या माऱ्यात येतात. पुष्कळ वाणांची वाढही थांबते. मात्र उष्णता सहन करणारे वाणही आढळले असल्याने केवळ या उपायावर विसंबू नये. शिवाय २०° से. ला पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त सु. ९ मिग्रॅ. प्रती लि. विरघळतो, तर ३०° से. ला तो सु. ७·५ मिग्रॅ. इतकाच विरघळतो. क्लोम आधीच निकामी होत असलेल्या माशाला ही घट जाचक होते. गोल्डफिशसारख्या थंड पाण्यातील माशांसाठी ही पद्धत योग्य नाही.

मीठ : साधे, आयोडीन व इतर मिश्रणे नसलेले जाडे मीठ हा सर्वांत स्वस्त व पुष्कळ अंशी निर्धोक उपाय आहे. दर लिटरला १ ते ३ ग्रॅ. या प्रमाणात ते वापरतात. वरील उदाहरणातील ४० लि. पाण्यास दर लिटरला २ ग्रॅ. प्रमाणे ८० ग्रॅ. मीठ लागेल. ते टाकीतील थोड्या पाण्यात विरघळवून एक-दोन दिवसांत दोन-तीन हप्त्यांनी घालावे. मिठाने संसर्गक्षम जीवांना अपाय होतो, तसेच माशाच्या शरीरातून लवणे बाहेर जाण्याचे प्रमाण घटते. असा त्याचा दुहेरी उपयोग आहे. मीठ बाष्पीभवनाने कमी होत नाही. म्हणून पाणी बदलल्यावर जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच नवे मीठ घालावे. केवळ आटलेले पाणी भरून काढताना घालू नये. मॉली व गपी यांना मीठ चांगले मानवते. मार्जारमीन, लोच व बऱ्याच पाणवनस्पती यांना ते कमी सोसते.

फॉर्मॅलीन व मॅलॅकाइट ग्रीन : फॉर्मॅलीन म्हणजे फॉर्माल्डिहाइड या वायूचा सु. ३७% विद्राव होय. तो दर लिटरला ०·०१५ ते ०·०२५ मिलि. या प्रमाणात देतात, ४० लि. पाण्यास जास्तीत जास्त १ मिलि. पुरते. फॉर्मॅलिनामुळे पाण्यातील ऑक्सिजन कमी होतो, म्हणून हवेचा पुरवठा वाढवावा लागतो. थंडीत ठेवलेल्या बाटलीत तळाशी पांढरा साका बसला असल्यास तो विद्राव वापरू नये. हा साका माशांना अत्यंत विषारी असतो. फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोगजनक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. म्हणून ते हाताळताना हातमोजे घालावेत व खोलीत हवा खेळती ठेवावी.

मॅलॅकाइट ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य दर लिटरला ०·०५ ते ०·१ मिग्रॅ. इतक्या अत्यल्प प्रमाणात परिणामकारक ठरते. ४० लि. पाण्यास लागणारे ४ मिग्रॅ. चूर्ण घरगुती तराजूने मोजता येत नाही. यासाठी १ ग्रॅ. चूर्ण १ लि. पाण्यात विरघळवून साठा-विद्राव करतात. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरात १ मिग्रॅ. रंगद्रव्य असते, म्हणजे ४ मिलि. घातल्यास काम भागते. चूर्ण जस्तविरहित असावे. फॉर्मॅलीन व मॅलॅकाइट ग्रीन एकत्र दिल्यास दोन्हींचा परिणाम वाढतो, हे लेटू व मायर या अमेरिकी संशोधकांनी १९७२ मध्ये दाखविले. बाजारात मिळणाऱ्या कित्येक तयार औषधांत हेच मिश्रण असते. ती वापरताना वेष्टनावरील मात्रा पाळावी. टेट्रा, लोच व खवले नसलेले मासे यांना निम्मी मात्रा देण्याची पद्धत आहे. मॅलॅकाइट ग्रीन व त्यापासून बनणारे रंगहीन संयुग माशाच्या मांसात दीर्घकाळ टिकते व आरोग्यास घातक ठरते. त्यामुळे अमेरिका, यूरोपीय संघ इ. ठिकाणी खाद्य माशांसाठी त्याचा वापर निषिद्ध आहे. शोभेच्या माशांसाठी वापरलेल्या टाकीतील मासा कधीही खाण्यासाठी वापरू नये.

मोरचूद : मोरचुदाची परिणामकारक मात्रा व माशाला घातक मात्रा यांत फारच थोडे अंतर असून ते पाण्याच्या क्षारतेवर (अम्ल उदासीन करण्याच्या क्षमतेवर) अवलंबून असते. पाण्याची एकूण क्षारता दर लिटरला जितके मिग्रॅ. असेल, तिला १०० ने भागून येणारी संख्या ही दर लिटरला मोरचुदाची मिग्रॅ. मधील मात्रा होय. उदा., क्षारता १०० असल्यास १ मिग्रॅ. प्रती लि. क्षारता ५० पेक्षा कमी असलेल्या पाण्यात मोरचूद वापरू नये. क्षारता मोजण्याची सोय नसल्यासही ते टाळावे. गोगलगाई, कोळंबी व अनेक वनस्पती त्याने मरतात.

इतर द्रव्ये : पोटॅशियम परमँगनेट दर लिटरला २ मिग्रॅ. या प्रमाणात वापरतात. परंतु पाण्यातील सेंद्रिय मळामुळे ते लवकर निष्क्रिय होते व जास्त झाल्यास क्लोम भाजतात. ते फॉर्मॅलिनाबरोबर कधीही मिसळू नये. मेथिलीन ब्लूचा गुण सौम्य आहे. शिवाय अमोनियाचे रूपांतर करणारे गाळणयंत्रातील उपयुक्त सूक्ष्मजंतू त्याने मरतात. सूक्ष्मजंतूंवरील प्रतिजैव औषधांचा या रोगकारकावर उपयोग होत नाही. दुय्यम संसर्ग झालेला असेल तरच त्यांचा विचार करावा.

औषधाविना उपचार : रोगकारकाच्या जीवनचक्राचा लाभ घेऊन औषधाशिवायही रोग हटविता येतो. २५° से. च्या सुमारास वाळू व वनस्पती नसलेल्या दोन टाक्या घेऊन मासे दररोज एकीतून दुसरीत हलवितात व रिकामी झालेली टाकी धुऊन पूर्णपणे वाळवितात. मासा सोडून पडलेल्या पुट्या फुटण्यापूर्वीच मागे राहतात व वाळून मरतात. आठवडाभर हा क्रम ठेवल्यास माशांवर नवा संसर्ग होत नाही. दोन्ही टाक्यांतील पाण्याचे तापमान सारखे ठेवण्याची मात्र दक्षता घ्यावी लागते. मूळ टाकी २५° से. किंवा त्याहून अधिक तापमानाला दोन आठवडे माशांविना ठेवल्यास तीही रोगमुक्त होते. औषधे न सोसणाऱ्या नाजूक माशांसाठी व अंडी-पिलांच्या टाक्यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

प्रतिरक्षा : रोगातून वाचलेले मासे पुढील संसर्गास बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत. रोगकारकाच्या पक्ष्माभिकांवरील विशिष्ट प्रथिनांविरुद्ध माशाच्या रक्तात व श्लेष्म्यात प्रतिपिंडे तयार होतात व ती जीवाची हालचाल बंद पाडतात. या प्रथिनांचा अभ्यास अमेरिकेत डिकर्सन व क्लार्क यांनी सविस्तर केला आहे. लस तयार करण्यात मोठी अडचण अशी की, हा जीव प्रयोगशाळेत माशाविना सतत वाढविता येत नाही. शिवाय त्याचे निरनिराळे प्रतिजनी प्रकार आहेत. बरा झालेला मासा स्वतः निरोगी दिसत असला, तरी थोड्या जीवांचा वाहक असू शकतो. जुन्या टाकीत नवे मासे सोडल्यावर केवळ नव्यांनाच रोग होण्याचे हे एक कारण आहे.

प्रतिबंध : नवे मासे मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी किमान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय, पाणी थंड असल्यास हा काळ वाढवावा. या टाकीसाठी जाळे व नळी वेगळी असावी, अथवा प्रत्येक वापरानंतर ती उन्हात पूर्ण वाळवावी. वनस्पतीही माशांविना आठ-दहा दिवस वेगळ्या ठेवाव्यात. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. टाकीत माशांची दाटी करू नये व हिवाळ्यात तापनयंत्र वापरावे. मोठ्या संवर्धन केंद्रांत पाणी जंबुपार (अतिनील) किरणांच्या नळीतून फिरवून संसर्गक्षम जीव मारले जातात.

रोगट मासे व टाकीतील पाणी नदी, तलाव, विहीर वा नाला यांत सोडू नये. करुणेपोटी केलेली ही कृती तेथील माशांना बाधक ठरू शकते. मत्स्यबीजाच्या दाट टाक्यांना अशा जलाशयातून पाणी पुरविले जात असल्यास रोहू, कटला, मृगळ यांच्या लहान पिलांपर्यंत रोग पोहोचण्याचा धोका असतो. मेलेले मासे जमिनीत पुरावेत. टाकीतील पाणी जलाशयापासून दूर कोरड्या जमिनीवर जिरू द्यावे. मात्र मीठ, मोरचूद किंवा रंगद्रव्य मिसळलेले पाणी विहिरीजवळ वा पिकांत ओतू नये. टाकी, वाळू व उपकरणे धुऊन कडक उन्हात पूर्णपणे वाळविल्यास त्यांवरील पुट्या नष्ट होतात व ती पुन्हा वापरण्यायोग्य होतात.